गाडी म्हातारी होते ती रबरातून

कोल्हापूर
4 मे 2025

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि काकांच्या गाडीसाठी मिस्त्रीने दिलेलं एस्टिमेट मिळालं. बदलायचे भाग: चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे), हाय प्रेशर पंप, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा), पुढचे दोन्ही लोअर आर्म आणि रेडिएटर. यादी लांबलचक आहे, पण एकाही भागापुढे मोजलेला आकडा नाही. कशावरून इंजेक्टर गेले, किती गळतात, रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब) किती येतंय, काहीच लिहिलेलं नाही. तेव्हा आधी काही उघडू देऊ नकोस.

काकांची गाडी 2010 ची स्कॉर्पिओ, 2179 सीसीचं एमहॉक इंजिन. टायमिंगला चेन आहे, त्यामुळे बेल्ट तुटून इंजिन बसेल ही धास्ती नाही. टॅपेट हायड्रॉलिक आहेत, तेही सेट करावे लागत नाहीत. वेळेवर तेल मिळालं असेल तर 2 लाख किलोमीटरला हे लोखंड थकत नाही. थकतं ते रबर: होज, ओ-रिंग, बुश (लोखंडी जोडांमधली रबरी नळकांडी), माउंटिंग, ब्रेकचे पाइप. पंधरा वर्षं उष्णता, डिझेल आणि चिपळूणची दमट हवा खाल्लेलं रबर कडक होतं, चिरतं, आणि दोष मात्र शेजारच्या महागड्या भागावर येतो. तू लिहिलेल्या चारही तक्रारी (सकाळी उशिरा सुरू होणं, घाटात दम न लागणं, घाटात इंजिन तापणं, पुढचा खडखडाट) मला आधी रबराच्याच वाटतात.

सकाळच्या सेल्फपासून सुरू करतो. रात्रभर उभी राहिली की आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, एकदा सुरू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फला उठते, असं तू लिहिलंस. हाच फरक महत्त्वाचा. घासलेले इंजेक्टर आणि पंप जास्त करून गरम इंजिनला त्रास देतात, कारण गरम डिझेल पातळ होऊन जास्त गळतं आणि रेलमध्ये दाब साठत नाही. तुझं उलट आहे. हीटर प्लगवरही संशय नको. कॉमन रेल इंजिनला चिपळूणच्या मे महिन्यात प्लगची गरजच पडत नाही.

पहिली तपासणी फुकटची आहे. एका रात्री गाडी उतारावर नाक खाली करून उभी कर, म्हणजे मागची टाकी इंजिनपेक्षा वर राहील. चाकांना दगड लाव, फक्त हँडब्रेकवर विसंबू नकोस. दुसऱ्या रात्री तीच गाडी नाक वर करून लाव. नाक खाली असताना पटकन उठली आणि नाक वर असताना छळलं, तर रात्रीत लाइनमध्ये हवा शिरून डिझेल टाकीकडे परत जातंय हे नक्की. आणखी एक खूण: सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का ते कुणाला तरी मागे उभं करून पाहायला सांग. धूर येत असेल तर डिझेल आत जातंय, पण पेटत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही.

हवेची जागा शोधायला फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक डिझेल होज बसवून घे आणि चालू इंजिनवर बुडबुडे बघ. ओढीच्या बाजूला चीर असली की डिझेल थेंबभरही बाहेर येत नाही, उलट हवा आत खेचली जाते. म्हणून "कुठे ओलं नाही, म्हणजे लाइन ठीक" हा तर्क इथे फसतो. फिल्टरच्या तोंडाची ओ-रिंग, पाणी काढायच्या स्क्रूची वॉशर आणि होजची टोकं, बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी निघतं. होज डिझेलसाठीचाच घे. पाण्याचा साधा प्लास्टिक पाइप काही महिन्यांत दगडासारखा कडक होतो. चाचणी झाली की पारदर्शक तुकडा काढून टाक, तो कायमचा ठेवायचा नाही.

हे करताना बॅटरीही बघून घे, कारण सेल्फ हळू फिरला तरी दाब उशिरा तयार होतो. रात्रभर उभ्या गाडीला 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जायला नको, आणि चालू इंजिनवर 13.8 ते 14.4. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच) आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारायला सांग. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. कोकणात हे फार होतं, आणि पट्टी न बघता लोक नवी बॅटरी घेतात.

एवढं करूनही लागलं तरच स्कॅनर. सेल्फ मारताना रेल प्रेशर साधारण 200 ते 250 बारवर चढल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजेक्टर उघडत नाही. दाब चढत नसेल तर रिटर्नची (इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलची) चाचणी करायला लाव: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या नळ्या, खाली चार सारख्या बाटल्या, दोन-तीन मिनिटं आयडलवर. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर तो एक इंजेक्टर दोषी, चारही नव्हेत. आणि जुन्या डिझेल गाड्यांसारखा इंजेक्टरचा नट ढिला करून एअर काढायला कुणी निघाला तर त्याचा हात धर. चालू इंजिनवर या पाइपात 1,600 बारपर्यंत दाब असतो. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि तशी जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी थेट ऑपरेशनची असते.

इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर आणि चालू गाडीत "चिक-चिक" आवाज असेल तर तांब्याची वॉशर फुटली आहे. इंजेक्टर काढून बैठक नीट साफ करायची आणि नवी वॉशर टाकायची. जुनी तापवून परत बसवू देऊ नकोस.

कुंभार्ली घाट चढताना गाडी उचलत नाही आणि मागे काळा धूर सोडते, यावरून टर्बो गेला असं ठरवलं गेलंय. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं आहे, हवा कमी पडते. (धूर नाही आणि दमही नाही, असं असतं तर मी डिझेल फिल्टरकडे बोट दाखवलं असतं.) टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे जाड होज काढून हातात घे आणि पिळून बघ. चीर बहुतेक खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेला असते. उभ्या गाडीत ती मिटलेली राहते, दाब आला की तोंड उघडते. बाहेरून ताजा तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की जागा सापडली. होजच्या आत थोडासा तेलाचा ओशटपणा असतोच, त्यावरून टर्बोला फाशी देऊ नकोस. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघ: आडवा किंचित हलला तर चालेल, मागे-पुढे जाणवण्याइतका सरकला किंवा पाती आतल्या भिंतीला घासल्याच्या खुणा असल्या तर मात्र टर्बोच. शिवाय टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या वाळून भेगाळतात, त्या मीटरने विकत आणून सगळ्याच बदल. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळलेला धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडाच अडकला तरीही हाच काळा धूर येतो. तो काढून साफ करणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

घाटातच तापमानाचा काटा चढतो, गावात नाही, म्हणून थेट रेडिएटर बदलायचा? आधी समोरची जाळी काढून टॉर्च मार. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत लाल माती, किडे आणि कापसासारखा मळ यांची गादी बसलेली असेल. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळाच्या धारेने धू. वॉशिंग सेंटरची जोरदार धार लावलीस तर पत्र्याच्या नाजूक पाकळ्या आडव्या होतील. मग रेडिएटरचं झाकण. त्याच्या आतलं रबर चपटं, चिरलेलं असेल तर दाब धरत नाही, आणि दाब नसला की कूलंट लवकर उकळतं. झाकण गरम इंजिनवर उघडू नकोस, हे तुला सांगायला नको, पण घरातल्या मुलांना सांग. कूलंट घेताना बाटली वाच: कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, तयार मिश्रण असेल तर एक थेंबही पाणी नको. विहिरीचं पाणी तर नकोच. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा) काढून टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नकोस. इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं, आणि काही रचनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहतं. थंड इंजिन सुरू केल्या केल्या वरचा होज दगडासारखा टणक झाला किंवा कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आले, तर मात्र हेड गॅसकेट गेलं. तसं दिसलं तर गाडी तिथेच थांबव.

आता पुढचा खडखडाट, आणि इथे मिस्त्रीच्या हाताकडे लक्ष ठेवायचं आहे. लोअर आर्म हा चाकाला चेसिसशी जोडणारा लोखंडी तुकडा आहे, आपटून वाकला नसेल तर तो बदलायचं कारण नाही. गाडी जॅकवर घेऊन चेसिसखाली स्टँड लाव (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही) आणि टॉमीने (लोखंडी पहारीने) बुशजवळ उचकट. रबर मधल्या नळीपासून सुटलेलं दिसेल. बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझरच्या लिंकही हातासरशी बघ, बारीक खड्ड्यांवरचा टकटक आवाज बहुधा लिंकचाच असतो. बुश प्रेसवर बसवून घे, हातोड्याने नको. आणि मुख्य गोष्ट: बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. नुसते लावून घ्यायचे, गाडी चाकांवर खाली उतरवायची, दोन-चारदा दाबून बसवायची आणि मग पूर्ण आवळायचे. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. आर्म लोंबत असताना आवळलं की गाडी खाली येताच ते पिळलं जातं, कायम पिळलेलंच राहतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये फाटतं. "डुप्लिकेट बुश टिकत नाहीत" या तक्रारींतल्या पुष्कळशा बुशच्या नसून आवळण्याच्या असतात. नंतर अलाइनमेंट करून घ्यायलाच हवी.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते काकांना आठवत नसेल तर बदलच. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 नवं असताना 205 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर 140 च्या आसपास. घाट उतरताना पेडल अचानक मऊ लागतं ते यामुळे. लिटरभर पुरतं. जुनं ऑइल काढायचा क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एखादं पुढचं चाक जास्त तापत असेल तर कॅलिपर उघडण्याआधी त्याचा ब्लीडर (ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) सोड. चाक लगेच मोकळं झालं तर त्या चाकाचा रबरी पाइप आतून सुजलेला असू शकतो: दाब जाऊ देतो, परत येऊ देत नाही.

2021 च्या जुलैमधल्या पुरात गाडी एक्सलभर पाण्यात होती, असं तू ओझरतं लिहिलंस. ते ओझरतं सोडू नकोस. मागच्या डिफरन्शियलचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या डब्याचा) वरचा बोल्ट सोडून बोट बुडव. तेल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी आहे. बदलताना 80डब्ल्यू-90 जीएल-5 घे, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतू देऊ नकोस. तिथे पुस्तकात लिहिलेलीच ग्रेड, कारण जीएल-5 मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतात. डिफरन्शियलचा ब्रीदर (हवा जायची वाट) मातीने बुजला असेल तर मोकळा कर. तो बुजलेला असताना गरम हाउसिंग पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचून घेते. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला निपल असतील तर जुनं ग्रीस चारही टोकांतून बाहेर येईपर्यंत नवं भर. आणि चेसिस छोट्या हातोडीने वाजवत जा, खणखणीत आवाज ठीक, बद्द आवाज आला तिथे पोखरलंय. गंजावर काळं कोटिंग मारू नकोस. ओल आत कोंडून राहते आणि गंज दिसेनासा होऊन वाढतो. आधी खरवडणं, मग प्राइमर, मग कोटिंग.

एसीचं सध्या राहू दे, पावसाळ्यानंतर बघू.

उद्या-परवा नाक खाली-नाक वरची तपासणी आणि व्होल्टचे तीन आकडे एवढंच कर आणि फोनवर सांग. होज उघडायच्या आधी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. डिझेल होज, ओ-रिंगा आणि तांब्याच्या वॉशर इथून उद्यमनगरमधून घेऊन एसटीच्या पार्सलने पाठवतो, तुझा चेसिस नंबर तेवढा कळव.

काका-काकूंना सा. नमस्कार. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता. क. आरसी बघितलीस का? 2010 ची गाडी म्हणजे यंदा नोंदणीची 15 वर्षं संपतात. फॉर्म 25 भरून, पर्यावरण कर भरून, गाडी आरटीओत दाखवून पुढच्या 5 वर्षांचं नूतनीकरण घ्यावं लागेल. मुदतीआधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आधी बसवून घे. आणि टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाच: 2317 असेल तर 2017 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी तेही रबरच आहे, बदल.