दोषांच्या यादीखाली शिक्का मारणाऱ्या दुकानदारास

आदरणीय बाब,

सप्रेम नमस्कार.

आपले आणि दुकानाचे नाव कोठेही लिहू नये ही आपली अट पाळूनच हे उघड पत्र लिहीत आहे. म्हापशात आपल्याकडे ज्यांचे येणेजाणे आहे, त्यांना नाव न लिहिताही ओळख पटेल, त्याला माझा इलाज नाही.

माझे काम आपल्याला ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत जत्रेच्या आणि उत्सवाच्या रात्री गावातलीच माणसे उभी राहून पहाटेपर्यंत मराठी नाटके करत आली आहेत. त्यांतल्या काही प्रयोगांचे चित्रण व्हीएचएस कॅसेटवर झाले होते आणि त्या कॅसेट आज घरोघरी कपाटांत पडून आहेत. आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा कॅसेटच्या फितीला बुरशी आणते, त्यामुळे या कामाला थांबायला वेळ नाही. फीत एकदा संगणकात उतरवली म्हणजे काम संपते असे मात्र नाही. जुन्या चित्रणात सेकंदाला पन्नास अर्ध्या चौकटी एकाआड एक ओळींनी गुंफलेल्या असतात. त्या उलगडून, थरथर आणि खरखर काढून स्वच्छ चित्र तयार करणे हे क्यूटीजीएमसीसारख्या पद्धतींचे काम, आणि ते मुख्यतः प्रोसेसरच्या बळावर चालते. तीन अंकी नाटकाला माझा जुना संगणक किती वेळ घेत असे, हे आठवले तरी अंगावर काटा येतो.

नवा संगणक घ्यायचा म्हणून मी आधी ज्या दुकानांत गेले, तेथील अनुभव सांगितल्याशिवाय आपल्या वागण्याचे मोल कळणार नाही. एका ठिकाणी मला पहिलाच प्रश्न आला तो म्हणजे घरात गेम कोण खेळते. दुसऱ्या ठिकाणी कॅसेटचा विषय काढताच समोरच्याने हसून सर्वांत महागड्या प्रोसेसरचे खोके पुढे सरकवले आणि ‘डोळे झाकून घ्या’ असे सांगितले. एवढी रक्कम डोळे झाकून द्यायची असेल, तर उघड्या डोळ्यांनी खरेदी करण्यासारखे जगात उरले तरी काय? मला हवे होते ते इतकेच की, या वस्तूत माझ्या कामाच्या दृष्टीने चांगले काय आणि वाईट काय, हे कोणीतरी सरळ सांगावे. चांगले सगळ्यांनीच सांगितले, तेही खोक्यावर छापलेले.

आपण मात्र माझ्याकडे कॅसेटचीच मागणी केलीत. उतरवलेल्या नाटकाचा एक तुकडा आपण रात्रभर आपल्या यंत्रावर चालवून पाहिलात आणि मगच प्रोसेसरचा विषय काढलात. त्यानंतर दरपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपण स्वच्छ मराठीत ‘दोष’ असा मथळा लिहिलात, त्याखाली एएमडी कंपनीच्या रायझन ९ ९९५०एक्स या प्रोसेसरचे उणेपण एकेक करून मांडलेत आणि शेवटी त्या यादीवर सही करून दुकानाचा शिक्का मारलात. बिलावर शिक्का सगळेच मारतात. आपण जी वस्तू विकायला बसला आहात, तिच्या दोषांखाली शिक्का मारणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

ती यादी येथे देण्याची परवानगी आपण दिली आहे, म्हणून लिहिते. पहिला दोष उष्णतेचा. खोक्यावर १७० वॅट असे असले तरी पूर्ण भार पडल्यावर हा प्रोसेसर २३० वॅटपर्यंत वीज ओढू शकतो आणि ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापणे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. आपण त्यापुढे कंसात ‘मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत चालवू नये’ असे लिहिलेत, आणि माझी खोली पत्र्याचीच आहे हे आपल्याला ठाऊक होते. दुसरा दोष मेमरीचा. सोळा कोअरना, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या सोळा केंद्रांना, मिळून मेमरीचे दोनच मार्ग, आणि मदरबोर्डवरच्या चारही जागा भरल्या, तर कंपनीने मान्य केलेला वेग ५६०० वरून थेट ३६०० वर येतो. मी चार पट्ट्या घालण्याचे मनात धरले होते; आपण ४८ जीबीच्या दोनच पट्ट्या सुचवल्यात. तिसरा दोष असा की, हे सोळा कोअर आठ-आठ करून दोन वेगळ्या तुकड्यांवर बसवलेले आहेत, एका तुकड्याचा दुसऱ्याशी व्यवहार सावकाश होतो, आणि म्हणून एकच काम सोळा कोअरवर पसरले तर ते आठांच्या दुप्पट वेगाने होईलच असे नाही. त्यावर उपायही आपणच सुचवलात: एका नाटकाला सगळे कोअर देण्याऐवजी दोन नाटके एकाच वेळी लावावीत.

चौथा दोष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो लिहिताना आपण प्रतिस्पर्ध्याची बाजू घेतलीत. आजचे कॅमेरे जे १० बिट ४:२:२ प्रकारचे (रंगांची जास्त माहिती साठवणारे) एच.२६५ चित्रण करतात, ते उलगडणारी सोय या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये नाही, आणि प्रतिस्पर्धी इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५के या प्रोसेसरमध्ये ती आहे, असे आपण लिहिलेत. पुढे कधी लग्नाची चित्रणे घेतलीत तर इंटेलचा विचार करा, असेही सांगितलेत. त्याच बोलण्यात आपण हेही लपवले नाहीत की, इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये स्वतःच मान्य केले, बिघडलेला प्रोसेसर नव्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या सुधारणेने) दुरुस्त होत नाही हेही सांगितले, आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. कोणत्याही कंपनीचे भाट होण्याची आपल्याला गरज वाटत नाही.

गुण आपण दोनच ओळींत उरकलेत. बत्तीस थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारे कामाचे धागे), ५.७ गिगाहर्ट्‌झपर्यंतचा वेग आणि ५१२ बिटांचे गणित पूर्ण रुंदीने करण्याची क्षमता ही पहिली ओळ. एएम५ सॉकेटला, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवण्याच्या जागेला, २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे एएमडीचे वचन ही दुसरी. मी याच प्रोसेसरच्या ९९५०एक्स३डी या भावंडाबद्दल विचारले, तेव्हा त्यातल्या जादा कॅशेचा (प्रोसेसरमधल्याच झटपट मेमरीचा) मोठा लाभ गेम खेळणाऱ्यांना होतो, नाटकांना नाही, असे म्हणून आपण तो विषय संपवलात. थ्रेडरिपर या एएमडीच्या मोठ्या प्रोसेसरचे तर नावही काढू दिले नाहीत. चौसष्ट कोअर आणि मेमरीचे चार मार्ग ऐकायला छान, पण ३५० वॅट, वेगळ्या प्रकारची महाग मेमरी आणि तितकाच महाग मदरबोर्ड घेऊन मी कॅसेटवाल्यांकडून काय वसूल करणार होते?

एवढे दोष वाचून मी तोच प्रोसेसर घेतला, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु दोष ठाऊक असलेल्या वस्तूशी वागता येते. आपण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, १०५ वॅटची इको (वीज वाचवणारी) मर्यादा लावून दिलीत; खोक्यावरच्या १७० प्रमाणे हाही नावाचा आकडा, पण त्यामुळे विजेचा प्रत्यक्ष ओढा १४२ वॅटच्या पुढे जात नाही. एक नाटक पूर्ण व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, पण खोलीत बसवते आणि पंख्याची घरघर मध्यरात्री घरच्यांना उठवत नाही. दोन नाटके रात्री एकत्र लावते आणि सकाळी दोन्ही तयार मिळतात.

सचोटीची वागणूक फार महाग असते, अशी आपल्या बाजारात एक समजूत आहे. आपल्याला त्यासाठी एक रात्र यंत्र चालवावे लागले आणि एका कागदाची कोरी बाजू वापरावी लागली. ज्यांनी मला खोके पुढे सरकवले, त्यांच्याकडेही कागद होते आणि शिक्केही होते. समोरच्या बाईला काय करायचे आहे हे विचारण्याची उत्सुकता तेवढी नव्हती. आपल्यासारखी माणसे गोव्यात कमी नाहीत, हे मी नाटकवाल्यांच्या घरी कॅसेट मागताना रोज पाहते. दुकानाच्या काउंटरमागे ती दिसली, याचे अप्रूप मला अजून ओसरत नाही.

आता एक तक्रार. यादीतला पाचवा दोष म्हणून आपण ‘ग्राफिक्स फक्त पडदा उजळण्यापुरते’ असे लिहिले आहे. माझ्या कामाला पडदा उजळणे एवढेच पुरते आणि त्यामुळे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचले, तेव्हा हा मुद्दा गुणांच्या बाजूला हवा होता. पेडण्याच्या नाटकाची तयार प्रत घेऊन येईन, तेव्हा यावर आपल्याशी भांडण्याचा माझा बेत आहे.

आपली कृतज्ञ,
फोंड्याची कॅसेटवाली