सगळ्या फायली १ जानेवारीच्या

प्रिय सुध्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही आणि तुझ्या दोन्ही मेसेजना नुसते अंगठे दाखवले. मनात शिव्या दिल्या असशील, त्या पोचल्या. माझी शुगर आहे तिथेच आहे. बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा पावसाळ्यानंतर. संपलं प्रकृतीपुराण.

आता मुद्द्याचं. माळ्यावरचा तो कॉम्प्युटर खाली काढला. बाबांनी भुणभुण लावली होती, "माझं लिहिलेलं त्यात आहे, मला वाचायचंय." डोळा नवा झाल्यापासून त्यांना सगळंच वाचायचं असतं, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा.

चालू केला तर तीन बीप. तुझं नाव घेऊन रॅम काढली, खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले, परत बसवली. बीप थांबले, स्क्रीन काळीच. आत टॉर्च मारून पाहिलं तर मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर टम्म फुगलेले, एकाच्या डोक्यातून तपकिरी चिकटा बाहेर आलेला. मग हार्ड डिस्क तेवढी काढली. त्या जुन्या चाळीस पिनांच्या डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, बारा व्होल्ट बाहेरून द्यावे लागतात, म्हणून अडॅप्टरवाला कन्व्हर्टर मागवला. लावली, गरगरली आणि चक्क दिसली! आधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं, मग चहा. तुझी शिस्त अजून पाळतो बघ.

पण वर्डमध्ये फाईल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा पाला. मला एकदम २००४ आठवलं. तू पुण्याहून आलेला, एका सेमिस्टरचं शहाणपण घेऊन, आणि बाबांच्या खुर्चीमागे उभा राहून ओरडतोयस, "काका, देवनागरी युनिकोडात १९९१ पासून आहे, प्रत्येक अक्षराला त्याचा पक्का नंबर, आणि तुम्ही अजून कृतिदेव फॉन्ट बडवताय!" एक्सपीत भारतीय भाषांच्या खिडकीत टिक मारायला गेलास तर त्याने सीडी मागितली. आपला पीसी असेंबल्ड, विंडोज कुणाच्या तरी मेहरबानीची, सीडी कुठली? ती तू दुसऱ्या दिवशी कुठून पैदा केलीस ते मी अजून विचारलेलं नाही. आणि एवढं करून बाबा म्हणाले, "यात वेलांटी अक्षराच्या नंतर मारायची? मी तीस वर्षं आधी मारली." मी बाबांची बाजू घेतली. तुझा मंगल फॉन्ट म्हणजे म्युनिसिपालटीचा बोर्ड, असं काहीतरी बोललो. तू स्कूटरची किल्ली टेबलावर आपटून गेलास. (स्कूटर माझी होती, हे त्या भांडणात दोघांच्याही लक्षात आलं नाही.)

तर तू बरोबर होतास. लिहून देतोय, तेही युनिकोडात. पुन्हा मागू नकोस.

आता हे ऐक. त्या रात्री नेट गेलेलं, त्यामुळे फॉन्ट उतरवायची सोय नव्हती. मी बाबांना म्हटलं, नुसता कचरा दिसतोय. ते म्हणाले, "काय दिसतंय ते वाच." मी वाचलं, "व्ही. के. बी. कॅपिटल झेड." बाबांचे दोन्ही हात टेबलावरच्या प्लॅस्टिकवर आले. डाव्या तर्जनीने एक, उजव्या मधल्या बोटाने एक, पुन्हा डावी तर्जनी, मग उजव्या करंगळीने शिफ्ट धरून डावी करंगळी. "आई," ते म्हणाले. "झेडवर रफार. इ वर रफार मारला की ई. पुढे?" "यू. एस." "आईने."

सुध्या, मी गार पडलो. म्हणजे फाईलमध्ये मराठी कधी नव्हतंच, कुठलं बटण दाबलं तेवढंच होतं. ती बटणं टाइपरायटरचीच, आणि टाइपरायटर बाबांच्या बोटांत. मी इंग्रजी अक्षरं वाचत गेलो, ते प्लॅस्टिक बडवत गेले. आईने विहिरीवरून घागर आणताना काय झालं ती सबंध गोष्ट दीड तासात बाहेर आली. कॅपिटल एच, के, के, जे, आर म्हणजे भारत, हे मला आता झोपेतही सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी नेट आलं, भाच्याने दोन मिनिटांत कृतिदेव टाकला आणि पानं जशीच्या तशी दिसायला लागली. पण ताईला फोनवर पाठवलं की पुन्हा पाला. म्हणून आता एकेक फाईल कन्व्हर्टरमधून युनिकोडात नेतोय. वेलांट्या जोडाक्षरात भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात आणि अर्ध्या र चा तो सरळ रफार करतो. बाबांनी लिहिलंय, "लग्नात आचाऱ्यांना धोतरजोडी दिली," तिथे आचार्यांना धोतरजोडी मिळाली. मोठ्या काकांच्या लग्नात कुठले आचार्य आले होते, असं ताईने फोन करून विचारलं.

इथवर सगळी गंमत. पुढचं कुणाला सांगू कळेना, म्हणून हे पत्र.

फायली क्रमाने लावायला गेलो तर सगळ्यांची तारीख एकच, १ जानेवारी २००२. झटक्यात कळलं, मशीन बंद असताना घड्याळ चालवणारी सीमॉस बॅटरी मेलेली. ती रुपयाएवढी सीआर २०३२ बदला म्हणून तू किती वेळा सांगितलंस! बाबांचं उत्तर ठरलेलं, "तारीख भिंतीवर कालनिर्णयात आहे." आणि भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय ते उठत नसत, म्हणून घड्याळ रोज मेलेलं आणि रोज त्याच मध्यरात्रीला जिवंत झालेलं. तारीख गेली, पण वेळ उरली ना! १२:३५ म्हणजे कॉम्प्युटर लावल्यावर पस्तीस मिनिटांनी सेव्ह केली. विहीर १:२०. काकांचं लग्न १:०५. बाबा रोज किती वेळ बसायचे ते सगळं त्यात आहे.

एका फाईलची वेळ ४:१०. नाव नुसतं 'अर्ज'. आकार रिकाम्या फाईलएवढा. उघडली.

वर मा. तहसीलदार, खाली 'विषय : शिधापत्रिकेतून नाव कमी करणेबाबत', मग 'महोदय' आणि स्वल्पविराम. पुढे काही नाही.

चार तास दहा मिनिटं. टायपिंगची मराठी चाळीसची परीक्षा पास झालेला माणूस. मी स्वतःला सांगून पाहिलं की डुलकी लागली असेल, मशीन तसंच चालू राहिलं असेल, लोडशेडिंगच्या दिवसांत चार तास सलग वीज हेच मुळात खोटं वाटतं. पण ४:१० ला कुणीतरी सेव्ह केलं आहे, ते आपोआप होत नाही.

आणि मग तू. २००६ मध्ये आई गेल्यानंतरच्या त्या महिन्यात मी घरी आलो तेव्हा रेशनच्या अर्जाची पोच पाहिली होती, अर्ज हाताने लिहिलेला, अक्षर तुझं. मी तुला काय बोललो ते तू विसरला नसशील. बाबा कचेरीत हजार अर्ज टाइप करतात, तू कोण मधे नाक खुपसणारा, आमच्या घरातलं आम्ही बघू, वगैरे. तू काहीच बोलला नाहीस. सुध्या, तुझ्या तोंडाला कुलूप लागलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं, आणि मला वाटलं तू चुकलास म्हणून गप्प आहेस.

त्या रात्री तू तिथे होतास का? की बाबांनी सकाळी तुला बोलावलं? काय म्हणाले?

मला हे का हवंय ते सांगतो. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "आता कुठली फाईल?" यादी त्यांना पाठ नाही, पण किती होत्या ते त्यांना माहीत आहे. सदतीस. मी छत्तीस छापल्या आणि त्या एकीला हात लावला नाही. काल जेवताना म्हणाले, "एक राहिलीय." मी म्हटलं, करप्ट झालीय. ते "बरं" म्हणाले आणि ताकाची वाटी ओढली. चाळीस वर्षं फायली सांभाळलेल्या माणसाशी मी फाईलबद्दल खोटं बोललो, आणि त्यांना ते कळलं असावं असं वाटतं. छापून ठेवू पलंगावर, बाकीच्यांसारखी? की करप्टच राहू दे?

तुझं नवीन घर झालं म्हणे, आणि चिन्मयीची दहावी. तिला सांग काकाकडून लॅपटॉप नक्की, पण आधी मार्क. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना नमस्कार. तू लॅपटॉपचं टचपॅड वर आलंय लिहिलं होतंस, ते टचपॅड नाही, खालची बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नकोस, टोचू नकोस, दाबून तर अजिबात बसवू नकोस, काढून घे. एवढा मोठा इंजिनिअर आणि हे मी सांगायचं!

रविवारी सकाळी बाबा देवळात जातात, नऊ ते दहा. तेव्हा फोन कर.

तुझा,
विज्या

ता. क. मदरबोर्ड मेला हे माहीत असून काल बाजारातून बटणबॅटरी आणली आणि बसवली. बाबांनी विचारलं, "आता कशाला?" मला उत्तर सुचलं नाही.