अडसर सरकवला म्हणजे काय केलं?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, अडसर म्हणजे अडथळा ना? मग मी वाचतोय त्या भयकादंबरीत 'त्याने थरथरत्या हातांनी अडसर सरकवला' असं आहे, म्हणजे नेमकं काय केलं?" मी घाईत होते. "दाराचं काहीतरी असतं" एवढंच म्हणून फोन ठेवला. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

अडसर म्हणजे दाराला आतून लावायचा लाकडी दांडा. जाड भिंतींच्या जुन्या घरांत दाराच्या एका बाजूला भिंतीतच खोल पोकळी ठेवलेली असे. दिवसभर दांडा त्या पोकळीत असायचा. रात्री तो ओढून दाराच्या मागून आडवा न्यायचा आणि त्याचं टोक पलीकडच्या भिंतीतल्या खाचेत बसवायचं. मग बाहेरून कितीही धडका बसल्या तरी दार हलत नसे. "कामात अडसर आला" असं आपण म्हणतो तो हाच दांडा, दारामागून निघून बोलण्यात आलेला. आता तुझं वाक्य पुन्हा वाच. त्या माणसाने अडसर सरकवला खरा, पण कुठल्या बाजूला? दार बंद करायला की उघडायला? 'अडथळा' एवढाच अर्थ धरून पुढे गेला असतास, तर त्या वाक्यातली सगळी भीती हुकली असती.

तू म्हणालास, शब्द अडला की लगेच मोबाइल काढून अर्थ बघतोस. ते मात्र करू नकोस, निदान रात्री तरी नको. तुझ्याएवढी असताना मी तेच करायची. शब्दकोश दुसऱ्या खोलीत असायचा. दर दोन पानांना उठायचं, दिवा लावायचा, शब्द शोधायचा. परत येईपर्यंत गोष्टीतला काळोख उजळून गेलेला असायचा. एक चांगली भयकादंबरी मी अशीच अर्ध्यावर सोडली आणि तिच्यातला एकही शब्द आज आठवत नाही.

भीती वाटते तेव्हा छातीत धडधडतं, तळहात ओलसर होतात. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे. तो अशा वेळी जागा होतो आणि त्या क्षणांची आठवण जास्त पक्की बसायला मदत करतो. म्हणून शब्दाला आधी घाबरवू दे. समासात पेन्सिलीने बारीक ठिपका दे आणि पुढे जा. ठिपक्यांकडे बघायचं ते सकाळच्या उजेडात. फार ठिपके होतील अशी काळजी नको. वाचनाचा अभ्यास करणारे म्हणतात की शंभरातले अठ्ठ्याण्णवच्या आसपास शब्द ओळखीचे असले तर मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट कळतो. अडीचशे शब्दांचं पान धर, म्हणजे पाच ठिपके चालतील. पानापानावर वीस पडायला लागले तर ते पुस्तक वर्षभर थांबू दे.

आता भीतीच्याच शब्दांबद्दल, कारण ते तुला या पुस्तकात ढिगाने भेटणार आहेत. सगळ्यांचा अर्थ वहीत 'घाबरणे' असा लिहिलास तर सगळे एकसारखे होऊन बसतील. ते तसे नाहीत रे. धास्ती घटना घडायच्या आधी असते. उद्या काय होईल याची. दचकणं क्षणाचं; दार आपटलं, दचकलो, संपलं. धसका नंतरचा. घटना होऊन गेलेली असते, पण मनात घर करून राहते आणि पुढे महिनाभर त्या वाटेने जाववत नाही. तुझ्या कादंबरीतली ती धाकटी बहीण बघ: पहिल्या प्रकरणात तिला तळघराची धास्ती आहे, तिसऱ्यात ती आवाजाने दचकते आणि पाचव्यात तिने धसका घेतलाय. लेखकाने तिचा प्रवास या तीन शब्दांवर चालवलाय. मी दुसऱ्यांदा वाचताना मला हे दिसलं आणि फार आनंद झाला. दरारा आणि वचक मात्र घाबरणाऱ्याचे नसतात, घाबरवणाऱ्याचे असतात. त्या म्हाताऱ्या घरमालकाचा दरारा आहे. भीती इतरांना वाटते.

आणखी एक. हे शब्द एकटे फिरत नाहीत, प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं असतं. धडकी भरते, बोबडी वळते, गाळण उडते, हातपाय गळतात, अंगावर काटा येतो. बोबडी उडत नाही आणि गाळण वळत नाही. म्हणून वहीत नुसतं 'बोबडी' लिहू नकोस, 'बोबडी वळणे' लिही. शक्य तर पुस्तकातलं ते अख्खं वाक्यच उतरवून घे आणि त्याखाली तुझं एक. अर्थ शेवटी, छोट्या अक्षरात.

अंगावरच्या काट्यावरून आठवलं. 'रोमांच' शब्दातला रोम म्हणजे अंगावरचा केस. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत, त्यांत कंप आणि घामाच्या जोडीला हा रोमांच आहे. आणि इंग्रजीतला 'हॉरर' लॅटिनमधल्या 'हॉरेरे'वरून आला, त्याचाही अर्थ केस ताठ उभे राहणं. दोन भाषांनी भीतीला नाव देताना त्वचेवरचा तोच केस पाहिला. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो, तो आवळला की केस उभा राहतो. आज रात्री वाचताना बाही वर करून बघ.

पुस्तकातल्या ऋतूनेही तुला गोंधळात टाकलेलं दिसतंय. "शरदात पानगळ कशी?" हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या भाषेतला शरद म्हणजे पावसाने धुऊन काढलेलं आकाश आणि टिपूर चांदणं. पानगळ आपल्या शिशिराची. तुझी कादंबरी थंड देशातली. तिथे याच दिवसांत पानं पिवळी पडून झडतात, म्हणून भाषांतर करणाऱ्याला 'शरद' लिहावं लागलं. नाव तेच, चित्र निराळं. भयकथेला तो ऋतू का आवडतो तेही लक्षात येईल: 23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात आणि उत्तर गोलार्धात तिथून पुढे रोज रात्र थोडी थोडी वाढते. कातरवेळ लवकर येऊ लागते. कातरवेळ हा शब्दही वहीत घे आणि त्याच्या शेजारी 'कातर आवाज' लिही. संस्कृतात कातर म्हणजे भ्यालेला. आणि शरद म्हणजे वर्षसुद्धा, बरं का. शंभर शरद जगू दे अशी वेदांतली प्रार्थना आहे. तुला आशीर्वाद देताना माझ्या मनात तीच असते.

वही लिहून मिटून ठेवलीस तर फुकट. हर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, किती वेळात किती विसरतो ते मोजलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला भराभर होतं, मग मंदावतं. म्हणून वही दुसऱ्याच दिवशी एकदा उघड, मग आठवड्याने, मग महिन्याने. कोशाचं म्हणशील तर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवलाय. जुन्या घरांचे, अवजारांचे, आवाजांचे शब्द त्यात भरपूर सापडतात.

त्या कादंबरीचे पाचच अध्याय मी आतापर्यंत वाचलेत, तेही दोनदा. तुझं अडसराचं वाक्य अजून माझ्या वाटेत आलेलं नाही. पुढच्या रविवारी फोन केलास की ठिपक्यांचे सगळे शब्द सांग, पण त्या माणसाने अडसर कुठल्या बाजूला सरकवला ते मात्र सांगू नकोस.

तुझी,
आई