परवानगी कागदावर, औषध ७० किलोमीटरवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील ग्रामीण काउंट्यांमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) औषधी गांजाच्या दुकानांवर बंदी असावी की नसावी, या वादाविषयी आपल्याकडे बोलताना बहुतेकांचा सूर ‘गांजाला औषध म्हणणे हीच मुळात पळवाट’ असा असतो. उभी हयात औषध दुकानाच्या काउंटरमागे घालवल्यामुळे मला तो अर्धाच बरोबर वाटतो.

कॅलिफोर्नियात १९९६ साली मतदारांनी डॉक्टरांच्या शिफारशीवर गांजा वापरण्याची रुग्णांना मुभा दिली. मात्र आपल्या हद्दीत अशा दुकानांना मज्जाव करण्याचा अधिकार शहरांना व काउंट्यांना आहे, असा निर्वाळा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. बंदी मागणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तेथील केंद्रीय कायद्याला हा व्यवहार मान्य नसल्याने बहुतेक बँका या दुकानदारांना दारात उभे करत नाहीत, गल्ल्यात रोकड साचते, आणि मोजक्या पोलिसांवर चालणाऱ्या विरळ वस्तीच्या मुलखात तिची राखण कोणी करायची, हा प्रश्न उरतो. तरीही बंदीने चोरून विकणाऱ्याचे फारसे बिघडत नाही, कारण त्याला दुकान कधी लागतच नव्हते. केमोथेरपीच्या उलट्यांनी बेजार झालेल्या रुग्णाला मात्र दुकानासाठी दुसऱ्या काउंटीपर्यंत जावे लागू शकते.

आपल्याकडे अशी दुकाने उघडावीत, असे मी मुळीच म्हणत नाही. हैदराबाद-पुणे महामार्गावर पकडलेल्या गांजाच्या बातम्या आपण वाचतोच, आणि २०२३ मध्ये सोलापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत ‘एमडी’ (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आला, हेही विसरण्याजोगे नाही. शिवाय गांजातील कॅनाबिडिओल या घटकापासून बनवलेल्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये प्रथम मान्यता दिली, ती लहानपणी सुरू होणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी. गुडघेदुखी, मधुमेह आणि निद्रानाश एकाच बाटलीत बरा करू म्हणणाऱ्या तेलांसाठी नव्हे.

माझा मुद्दा अंतराचा आहे, आणि त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरील मॉर्फिन हे आपल्या देशात पूर्णपणे कायदेशीर औषध आहे. नीमच आणि गाजीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते ती अशाच औषधी द्रव्यांसाठी. पण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर त्याभोवती परवान्यांचे असे कुंपण उभे राहिले की, साठ्याच्या वहीत एक अँप्युल (इंजेक्शनची कुपी) कमी भरली तर काय होईल या धास्तीने अनेक दुकानदारांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने आणि पुढच्या वर्षीच्या नियमांनी ही कटकट बरीच कमी केली. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता घेऊन मॉर्फिन ठेवता येते. कायदा सैल झाला, धास्ती तशीच राहिली.

बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल हे आपल्या जिल्ह्याचे भाग्यच म्हणायचे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. परंतु अक्कलकोट तालुक्यातील रुग्णाने आधी सोलापूर गाठायचे आणि तेथून सुमारे ७० किलोमीटर बार्शी. एसटीच्या मागच्या बाकावर फाइलची पिशवी उशाला घेऊन आडवा झालेला, प्रत्येक गतिरोधकाला दात आवळणारा रुग्ण मी पाहिला आहे. त्याच्या मुलाने स्टँडजवळच्या दुकानात शिरून विचारले होते, “सायेब, ती दुखायची गोळी हितं मिळंल का?” दुकानदाराने मान हलवली. त्याचेही चूक नव्हते.

व्यसनाची भीती दाखवणाऱ्यांनी मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठीचे नियम एकदा वाचावेत. रोजच्या वापराची नोंद ठेवण्यापासून वर्षभराची गरज आधी कळवण्यापर्यंत सर्व बंदोबस्त त्यांत आहे. महामार्गावरचा गांजा या वहीतून गेलेला नसतो.

म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांना माझी विनंती अशी की, अकराही तालुक्यांत मॉर्फिन नेमके कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वारी मिळते, याची यादी त्यांनी जाहीर करावी, ती प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर लावावी, आणि ज्या उपजिल्हा रुग्णालयांनी अद्याप मान्यता घेतलेली नसेल त्यांच्याकडून तसे अर्ज याच आर्थिक वर्षात करून घ्यावेत.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, सोलापूर