आधी गाडी गेली, मग माणसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका आहे. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून जनगणना होणार, हे वाचून चार ओळी लिहाव्याशा वाटल्या. आमच्याकडे रस्ता काय नि गाडी काय, सगळं शेवटी डोक्यांवर ठरतं. आणि डोकी मोजायचं काम माझ्या वहीत वर्षभर चालू असतं.

वाडीत आज चौतीस चुली पेटतात. बाप्ये बहुतेक मुंबईला, माथाडी कामात. जनगणनेच्या पुस्तकात वाडीचं नाव शोधून सापडत नाही, कारण महसुली गाव आणि त्याच्या सगळ्या वाड्या मिळून एकच आकडा छापतात. तो बघणाऱ्याला वाटतं, एवढं मोठं गाव, डांबरी रस्ता आहे, मग तक्रार कसली? डांबर गावठाणापर्यंत आहे. तिथून वर पायवाट. पोषण आहाराची पाकिटं खालीच उतरवतात. मी आणि मदतनीस ती डोक्यावरून आणतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना वस्तीवार मोजते, हे खरं. पण तिचा निकष सपाटीला किमान ५०० लोकसंख्येचा, आणि डोंगरी राज्यं, आदिवासी क्षेत्रं वगैरेंसाठी २५० चा. सह्याद्री कितीही उभा असला तरी महाराष्ट्र डोंगरी राज्यांत धरत नाहीत, आणि आमची वाडी आदिवासी क्षेत्रातही नाही. म्हणजे कागदावर आम्ही सपाटीला राहतो! योजनेचा चौथा टप्पा आला, तोही २०११ च्याच जनगणनेवर बेतलेला. तेव्हा जन्मलेली पोरं आता दहावीच्या आसपास आहेत.

गाडीची गोष्ट आणखी वेगळी. पूर्वी गावठाणात एसटीची मुक्कामी गाडी असायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि पहाटे दुधाचे कॅन, शाळा-कॉलेजच्या पोरी, दवाखान्याची म्हातारी माणसं असं सगळं घेऊन गाडी खाली जायची. भारमान नाही, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, म्हणून ती बंद झाली. आता दुपारची एक फेरी आहे आणि ती रिकामी जाते. भर दुपारी कामधंदा सोडून तालुक्याला कोण जाणार? उद्या तीही याच कारणाने बंद होईल.

मुलींना बारावीपर्यंत मोफत पास, बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट प्रवास. सवलती चांगल्याच आहेत, मी स्वतः त्या घेते. पण वडापच्या, म्हणजे खासगी वाहतुकीच्या, जीपवाल्याला पास दाखवून काय उपयोग? तो पूर्ण पैसे घेतो, आणि जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही.

याचा परिणाम माझ्या पटावर दिसतो. थोरली अकरावीला गेली की आई तालुक्याला खोली घेते, धाकटं भावंड सोबत जातं, इथलं एक नाव कमी होतं. पावसाळ्यात दिवस भरत आलेल्या बाईला आठ-पंधरा दिवस आधीच रस्त्याकडेच्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवतात. एखादीचा नवरा मग तिकडेच बिऱ्हाड करतो. आधी गाडी गेली, मग माणसं गेली. वरचे अधिकारी मात्र हा क्रम उलटा सांगतात.

माणसं जिथे राहतात तिथेच मोजावीत, त्याला हरकत नाही. पण वाडीवार आकडे वेगळे छापा. दीड-दोन तासांची चढण असलेल्या वस्तीला सपाटीचा निकष लावू नका. आणि फेरी बंद करायची की ठेवायची हे शाळा-कॉलेजच्या वेळेला गाडी सोडून, निदान एक सत्रभर बघून ठरवा. पहाटेची एक आणि संध्याकाळची एक, एवढंच मागणं आहे. यात्रेला जादा गाड्या नाही सोडल्या तरी चालतील, तेव्हा मुंबईकर स्वतःच्या गाड्या घेऊन येतातच.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, जि. सातारा