नवा व्हॉल्व्ह घेण्याआधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर तपासावा

आइंडहोवन

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

आपल्या रेडिओचा डायल उजळतो, व्हॉल्व्ह तापतात, पण आवाज मुळीच येत नाही आणि दुरुस्तीवाल्यांनी ईएल८४ हा स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह बदलायला सांगितला आहे, असे तुम्ही कळवलेत. तो विकत घेण्याची घाई करू नये. हीच लक्षणे असलेला १९५०च्या दशकातला एक डच रेडिओ मी नुकताच येथील शेजाऱ्यांना दुरुस्त करून दिला आणि त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे त्या व्हॉल्व्हला स्पीकरशी जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची, प्रायमरी (व्हॉल्व्हच्या बाजूचे वेटोळे) तुटलेली निघाली.

प्रायमरीची तार केसासारखी बारीक असते. दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्यावर तिचे तांबे हिरवे पडून ती कुठेतरी तुटते. मग व्हॉल्व्हच्या ॲनोडला (प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्याला) व्होल्टेज मिळत नाही, त्याच्या अलीकडच्या जाळीला, म्हणजे स्क्रीन ग्रिडला, मात्र मिळत राहते. सगळा प्रवाह तिच्याकडे वळून ती लाल होते आणि चांगला व्हॉल्व्हसुद्धा खराब होतो. नवा व्हॉल्व्ह लावून पाहण्याला माझा विरोध आहे तो यासाठी.

तपासणी सोपी आहे, पण आत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, म्हणून ती दुरुस्तीवाल्यांकडूनच करून घ्यावी. प्लग काढून आणि मोठ्या फिल्टर कंडेन्सरमधला साठा रेझिस्टरमधून उतरवून प्रायमरीचा रोध मोजावा. तो काहीशे ओहम आला, तर प्रायमरी तुटलेली नाही. मीटर हललाच नाही, तर दोष सापडला.

बदली ट्रान्सफॉर्मर केवळ आकार जुळतो म्हणून घेऊ नये. ईएल८४ला सुमारे ५,२०० ओहमचा भार लागतो. स्पीकर ५ ओहमचा असेल, तर प्रायमरी आणि सेकंडरी (स्पीकरच्या बाजूचे वेटोळे) यांच्या वेढ्यांचे प्रमाण साधारण ३२ः१ हवे. शिवाय एकाच व्हॉल्व्हच्या आउटपुटमध्ये प्रायमरीतून ४८ मिलिअँपिअरच्या आसपास डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) सतत वाहतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात पातळ कागदाएवढी फट ठेवलेली असावी लागते. ती नसेल तर गाभा चुंबकत्वाने संपृक्त होऊन खर्जाचे स्वर फाटतात. पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करावी, नाहीतर जुन्याच गाभ्यावर नवे वाइंडिंग करून घ्यावे. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण त्यात गाभ्याच्या मूळ पट्ट्या आणि बसवण्याची जागा दोन्ही कायम राहतात.

तार जास्त प्रवाहानेही जळू शकते, म्हणून ईएल८४च्या कंट्रोल ग्रिडला (प्रवाह कमीजास्त करणाऱ्या जाळीला) जोडलेला ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर आवर्जून बदलावा. तो गळू लागला की ग्रिडवर धन व्होल्टेज येते, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आणि नवा ट्रान्सफॉर्मरही त्याच वाटेने जातो. त्या जागी ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर चांगला.

नवा ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ सुरू करू देऊ नये, कारण भार नसताना प्रायमरीवर फार मोठे व्होल्टेज उसळते. सुरू करताच कर्कश शिटी आली, तर घाबरू नये. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग विरुद्ध दिशेने मागे देणारी जोडणी) उलटा लागलेला असण्याची शक्यता आहे, तेव्हा वीज बंद करून सेकंडरीची दोन टोके अदलाबदल करावीत. शेवटी ईएल८४च्या कॅथोडवरचे (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावरचे) व्होल्टेज मोजावे. तेथे १३५ ओहमचा रेझिस्टर असेल तर ते सात व्होल्टच्या आसपास हवे. बरेच जास्त आले, तर लगेच बंद करून मला आकडा कळवावा.

आईला नमस्कार सांगावा.

तुमचा,
श्रीकांत