उद्यमनगरच्या काकांना

काका, नमस्कार.

गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे उघड पत्र. आर्डुइनो (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (वायरी खोचून जोडायची पट्टी) आणि वायरींचा गुंता पिशवीत घालून आठवीतली पोरगी तुमच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात आली होती ना, तिची मी आई.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांना गेलं की इशारा, 43 ला धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ आहे. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्यांना सांगायलाच नको. लेकीनं एका फुटाला एक सेंटिमीटर धरून उंच डब्यात पंचगंगा केली, वर अल्ट्रासॉनिक (कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं अंतर मोजणारा) सेन्सर टांगला. आवाज पाण्यावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून पातळी कळणार होती. पण स्क्रीनवर नुसतं शून्य!

ज्या क्लासनं वर्षाची फी आधीच घेतली, तिथले सर म्हणाले, "सेन्सर गेलाय, नवा घ्या." नवा घेतला, तरी शून्य. मग म्हणाले, प्रोग्रॅम चुकलाय. शेवटी, "हे हिला झेपायचं नाही." तेही तिच्यासमोर. वायरींना हात लावायची तसदी मात्र कुणी घेतली नाही.

तुम्ही आधीच सांगितलंत, "मला प्रोग्रॅममधलं कळत नाही." आणि मल्टिमीटर काढलात. सेन्सरला बॅटरी वेगळी, बोर्डाला करंट लॅपटॉपचा, आणि दोघांचं ग्राउंड, म्हणजे मायनसची बाजू, एकमेकांना जोडलेलंच नव्हतं. एक वायर लागली, आकडे पळायला लागले.

मी पर्स उघडत होते, तेवढ्यात तुम्ही सगळ्या वायरी उपटल्यात. पोरीचा चेहरा पडला. तुम्ही स्टूल तिच्याकडे सरकवलंत आणि म्हणालात, "आता तू जोड. माझं बघून चाललं, त्यात काय मजा?" बाहेर रिवाइंडिंगला आलेलं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्याला "थांब की जरा" म्हणालात. तिनं जोडलं. आकडे आले तेव्हा ती माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघत होती.

पैसे घेतलेत ते फक्त वायरचे. बोर्डावर डिग्र्या लावणारे पुष्कळ भेटतात हो, पोरीला पोरगी न समजता कारागीर समजणारा क्वचित.

आता पाणी हललं की आकडे नाचतात. पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढायचं तिनंच शोधलंय, पण धोक्याच्या इशाऱ्याचा बझर उगाच ओरडतो. सोमवारी तुमची सुट्टी असते, म्हणून मंगळवारी डब्यासकट येतोय.